बिनवजनाची दोरी

फिजिक्सच्या गणितातला ठोकळा कशाचा असतो, हे आजवर कुठल्याही पुस्तकाने सांगितलेलं नाही. लाकडाचा असावा असा सर्वसाधारण समज आहे, कारण चित्रात त्याच्या अंगावर तिरक्या रेघा मारलेल्या असतात. पण तो लोखंडाचा असो नाहीतर पनीरचा, गणिताचं काही अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, पूर्वायुष्य नाही. त्याला फक्त वस्तुमान असतं आणि तेही दोन किलो, तीन किलो किंवा पाच किलो असं नीटनेटकं. पावणेतीन किलोचा ठोकळा माझ्या पाहण्यात नाही. काही ठोकळ्यांना तर किलोही मिळत नाहीत. त्यांना नुसतं ‘एम’ म्हणायचं आणि शेजारच्याला ‘टू एम’.

असा हा ठोकळा टेबलावर बसलेला असतो. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली उतरते आणि तिच्या टोकाला दुसरा ठोकळा लोंबकळत असतो. टेबल गुळगुळीत आहे. दोरीला वस्तुमान नाही आणि ती ताणली जात नाही. कप्पी हलकी आहे आणि फिरताना घासत नाही. हवा आहे, पण तिच्याकडे बघायचं नाही. अशी जगातली निम्मी अडगळ दाराबाहेर काढून झाली की मग विचारतात: ठोकळे सोडून दिले असता त्यांचं त्वरण किती?

मी अकरावी-बारावीच्या पोरांना ही गणितं घरी शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला रंग लावायचं काम चाललं होतं. परांच्या बांधल्या होत्या आणि गच्चीवरच्या कप्पीवरून रंगाचे डबे वर चढत होते. त्यांचा मुकादम एकदा प्यायचं पाणी मागायला दारात आला आणि फळ्यावरचं चित्र पाहून थबकला.

“सर, ही आमचीच कप्पी काढलीय वाटतं.”

“तशीच आहे. फक्त हिला वजन नाही. दोरीलाही नाही.”

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “दोरीला वजन नाही? मग दुकानदार देतो कशी? आम्हाला तर किलोवर देतो.”

वर्ग हसला. वास्तविक हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात नायलॉनची दोरी काट्यावरच तोलून मिळते, आणि काटा शून्यावरून हलला नाही तर बिल कशाचं करायचं, हा रास्त प्रश्न आहे. मग त्याने विचारलं, ही ताणतसुद्धा नाही का? नाही म्हटल्यावर म्हणाला, नवीन दोरी पहिल्याच दिवशी हातभर लांबते, सर. आणि कप्पी घासत नसेल तर आम्ही तिला रोज तेल कशाला पाजतो? न्यूटनच्या नियमांना त्याचा काही विरोध नव्हता. त्याची तक्रार फक्त मालाबद्दल होती. जाताना “चालू द्या तुमचं” म्हणाला, ते मात्र मला जरा लागलं.

मुकादमाचं सगळं खरं असलं तरी अ‍ॅटवुडची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जॉर्ज अ‍ॅटवुड हे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले गृहस्थ. वर एक चाक, त्याच्यावरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं, हे यंत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १७८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्याचं साग्रसंगीत वर्णन आहे. त्यांची अडचण अशी होती, की वस्तू पडते ती भलत्याच घाईने. पहिल्या एका सेकंदातच जवळजवळ पाच मीटर. लंबकाच्या घड्याळावर हे मोजायचं कसं? अ‍ॅटवुडनी दोन्ही बाजूंना सारखी वजनं टांगली आणि एका बाजूला किंचितसं वजन जास्तीचं ठेवलं. आता सगळा कारभार इतका संथ चालू लागला की एकेक टोल ऐकत आरामात मोजावा. गुरुत्वाकर्षणाला धीर धरायला लावणारा हा पहिला माणूस नसेल (गॅलिलिओने उताराच्या पन्हळीवरून गोळे सोडून तेच केलं होतं), पण यंत्र देखणं होतं.

मात्र त्यासाठी चाक खरोखरच न घासणारं हवं होतं. म्हणून अ‍ॅटवुडनी चाकाचा आस साध्या भोकात बसवला नाही. तो आणखी चार चाकांच्या कडांवर टेकवला, म्हणजे आस फिरला की तीही त्याच्याबरोबर फिरणार आणि घासणं नावापुरतं उरणार. आपण ‘घर्षणविरहित कप्पी’ एका दमात लिहून पुढे जातो. त्या एका विशेषणापायी त्या माणसाला चार जादा चाकं बसवावी लागली. पुस्तक आलं त्याच सुमाराला त्यांनी केंब्रिज सोडलं, आणि ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट यांनी त्यांना कस्टम्स खात्यात एक पद दिलं. त्या पदाला हजेरी फारशी लागत नसे. हे वाक्य मी वर्गात सांगितलं, तेव्हा फिजिक्सबद्दल पोरांच्या मनात पहिल्यांदाच निर्मळ आदर दिसला.

आता अ‍ॅटवुडच्या ह्या यंत्राला एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच किलो लावू. ‘जी’ दहा धरू. हे ‘जी दहा धरू’ म्हणजे परीक्षकाचा मनाचा मोठेपणा. खरा आकडा विषुववृत्तावर ९.७८ च्या आसपास आणि ध्रुवावर ९.८३, म्हणजे दहाच्या शोधात तुम्ही उत्तर ध्रुवापर्यंत चालत गेलात तरी कमीच पडणार. पृथ्वीच्या पाठीवर जी बरोब्बर दहा असण्याचं एकमेव ठिकाण म्हणजे परीक्षेचा हॉल.

ओढ दोन किलोंची, हलवायचे आठ किलो. वीस भागिले आठ, त्वरण अडीच. दोरीतला ताण साडेसदतीस न्यूटन. इथपर्यंत सगळी वरात सुखरूप पोहोचते. मग मी विचारतो, ही कप्पी ज्या हुकाला टांगली आहे त्या हुकावर भार किती? वर्ग एका आवाजात ओरडतो, “ऐंशी!” आठ किलो, जी दहा, ऐंशी, ह्यात विचारण्यासारखं काय आहे? पण दोरी कप्पीच्या दोन्ही अंगांनी साडेसदतीसने खाली ओढते आहे. साडेसदतीस दुणे पंच्याहत्तर. पाच न्यूटन गायब.

ह्या पाच न्यूटनांचा तपास दर वर्षी नव्याने होतो. एका मुलाने ते कप्पीत अडकले असावेत अशी शंका काढली, पण कप्पीला वस्तुमानच नसल्यामुळे तिच्या पोटात काही लपवायची सोय नाही. दुसऱ्याने जी दहा धरल्यामुळे हा घोटाळा झाला असं ठणकावून सांगितलं आणि ९.८ घेऊन पुन्हा गणित केलं. तेव्हा पाचाऐवजी ४.९ न्यूटन हरवले. शेवटी एक मुलगी, जी एरवी मागच्या बाकावरून हलत नाही, ती म्हणाली, “सर, पाच किलो खाली चाललेत आणि तीनच किलो वर चाललेत. म्हणजे सगळं मिळून थोडं पडतंयच की. जेवढं पडतंय तेवढं हुकाला धरावं लागत नसेल.” हेच उत्तर. दोरी कप्पीलाच चिमट्याने जखडून ठेवली तर वरच्या स्प्रिंगकाट्यावर आठ किलो दिसतील आणि चिमटा काढल्याबरोबर साडेसात. फक्त ही गोष्ट रद्दीवाल्याच्या कानावर घालू नये.

ह्या गणितांची किल्ली एकच आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे: फ्री बॉडी डायग्राम. एकेका ठोकळ्याला बाजूला घ्यायचं, बाकीचं चित्र हाताने झाकायचं आणि विचारायचं, तुझ्या अंगाला कोण कोण लागलंय? जो लागला असेल त्याचंच नाव सांगायचं. लांबच्यांची नावं घ्यायची नाहीत. हात न लावता ओढायची सवलत फक्त पृथ्वीला. ह्या हिशेबाने टेबलावरच्या ठोकळ्याला खाली कोण लोंबकळतंय ह्याची गंधवार्ताही नसते. त्याची ओळख टेबलाशी, पृथ्वीशी आणि दोरीशी. संपलं.

ऐकायला हे सोपं आहे. पण आपल्याकडे माणसाला एकट्याला बाजूला घेऊन फक्त त्याच्याचविषयी बोलायची सवय कुठे आहे? पोरं टेबलावरच्या ठोकळ्याचं चित्र काढतात आणि त्याच्यावर बिनदिक्कत खालच्या ठोकळ्याचं वजन चढवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, “सर, तोच ओढतोय ना.” तो ओढत नाही, दोरी ओढते. आणि दोरीवर लोंबणाऱ्याचं वजन जसंच्या तसं पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कुणी टाकलेली नाही. खालचा ठोकळा स्थिर असता तर दोरीने त्याचं वजन पुरतं पेललं असतं. पण तो तर खाली निघाला आहे, म्हणजे दोरी त्याला वजनापेक्षा कमीच धरते आहे. किती कमी, ते तो किती घाईत आहे त्यावर ठरणार, आणि त्याची घाई वरच्यावर अवलंबून. म्हणून दोन ठोकळ्यांची दोन समीकरणं मांडून ती एकत्र सोडवावी लागतात. माझ्या मते अकरावीचं अर्धं मेकॅनिक्स एवढ्यात संपलं. राहिलेलं अर्धं म्हणजे चित्रात आणखी काय काय टांगता येईल ह्याची परीक्षकाची हौस.

चित्र काढण्याच्या तऱ्हा मात्र पाहण्यासारख्या असतात. काही पोरं बाण इतके बारीक काढतात की ठोकळ्याला केस उगवल्यासारखे वाटावेत. काही जण दोरीकडून ठोकळ्याकडे बाण काढून दोरीला ढकलायला लावतात. दोरीने आजवर कुणालाही ढकललेलं नाही. तो तिचा स्वभावच नव्हे. काही जण सगळी बलं काढून झाल्यावर, काहीतरी राहिलं असेल म्हणून, ‘एम ए’ नावाचा एक जादा बाण चिकटवतात. एक जमात आहे ती उणे चिन्ह आलं की घाबरते. त्वरण उणे दोन आलं, ह्याचा अर्थ एवढाच की तुम्ही धरलेली दिशा उलटी होती, ठोकळा दुसरीकडे निघाला आहे. पण ह्या मुलांना उण्याची लाज वाटते. ते खोडरबर काढतात, आजूबाजूला पाहतात आणि घरातली गोष्ट घरातच मिटवून टाकतात.

आणि मग उत्तरजुळवे. पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर आधी पाहायचं आणि आपल्या उत्तराला दोनाने गुणून, दोनाने भागून, जमल्यास मुळात घालून त्याच्याशी सोयरीक जुळवायची. एच. सी. वर्मांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’च्या माझ्या प्रतीची उत्तरांची पानं इतकी मळली आहेत की एखाद्याला वाटेल, खरा ग्रंथ तोच आणि बाकीची प्रकरणं ही त्याची प्रस्तावना. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचा इरोडोव तर त्याहून कठोर. पूर्वी ही रशियन पुस्तकं इतकी स्वस्त मिळत, की माणूस घेऊन टाकी आणि मग आयुष्यभर त्यांच्या किमतीची भरपाई घामाने करी. इरोडोवच्या चित्रांत पाचरीच्या आकाराचा उतार असतो, त्या उतारावर ठोकळा, ठोकळ्याला दोरी, दोरी कप्पीवर, आणि ही पाचरही जागच्या जागी बसत नाही. तीही गुळगुळीत जमिनीवर सरकते. कुणीच कुणाला स्थिर धरत नाही.

क्लासवाल्यांनी ह्यावर सूत्रांचा तोडगा काढला आहे. दोन्ही ठोकळे लोंबत असतील तर हे सूत्र, एक टेबलावर असेल तर ते, उतारावर असेल तर तिसरं. मुलं ती मंत्रासारखी म्हणतात आणि खरोखर भराभर उत्तरं काढतात. मग परीक्षक चित्रात एक सरकती कप्पी वाढवतो. झालं, सगळे मंत्र फोल.

ही सरकती कप्पी म्हणजे दोरीच्या वळशात लोंबणारी आणि दोरीबरोबर स्वतःही वरखाली होणारी कप्पी. तिला दोन बाजूंनी दोरी धरते, म्हणून ती निम्म्या जोराने उचलता येते. मात्र ती एक हात वर यायची असेल तर तुम्हाला दोन हात दोरी ओढावी लागते. प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे, की आर्किमिडीजने माणसांनी आणि मालाने भरलेलं तीन डोलकाठ्यांचं गलबत हायरो राजासमोर नुसत्या बसल्या जागेवरून, अनेक कप्प्यांच्या साहाय्याने ओढून दाखवलं. राजा चकित झाला. ओढण्याचा जोर कमी लागला हे सगळ्यांनी पाहिलं. किती दोरी ओढावी लागली हे कुणी मोजलं नाही. माझा अंदाज, दरबार संपला तरी बरीचशी शिल्लक असेल.

परीक्षेत नेमकी ह्या लांबीचीच पंचाईत होते. एका ठोकळ्याचं त्वरण दुसऱ्याच्या दुप्पट असतं, हे चित्र बघून पटत नाही. कोणाचं दुप्पट आणि कोणाचं निम्मं ह्याबाबत वर्गात सरळ दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्ष दोऱ्या हातात घेऊन हवेत ओढून दाखवतात. मी दोरीची लांबी तुकड्यातुकड्याने लिहायला सांगतो: हा तुकडा एवढा वाढला, तो एवढा कमी झाला, एकूण लांबी तीच. दोरी न ताणणारी आहे ह्या थापेचा हा खरा उपयोग. मुकादमाची दोरी हातभर लांबणारी असल्यामुळे त्याला हे समीकरण लिहिता येणार नाही. पण डबा कधी वर पोहोचणार हे तो खालूनच अचूक सांगतो, ते वेगळं.

फ्रेंच गणिती लाग्रांज ह्या सगळ्या चित्रांना कंटाळला होता. त्याने १७८८ साली यंत्रशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि ह्यात एकही आकृती सापडणार नाही, असं प्रस्तावनेत अभिमानाने सांगून टाकलं. त्याच्या पद्धतीने अ‍ॅटवुडचं यंत्र दोन ओळींत सुटतं आणि दोरीतला ताण त्यात कुठे येतही नाही. बी.एस्सी.ला गेलेली माझी जुनी मुलं हे शिकली की सुट्टीत येऊन धाकट्यांना फार छळतात. “ताण? आम्हाला लागत नाही.” पण गंमत अशी, की ह्याच लाग्रांजला पुढे आपल्या मूलभूत तत्त्वाची सिद्धता द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने आधार घेतला तो कप्प्यांचाच: सगळ्या कप्प्यांतून ओवलेली एक दोरी आणि तिच्या टोकाला एक वजन. आकृती न काढण्याचं व्रत त्याने पाळलं. सगळं शब्दांत सांगितलं. आणि वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच चित्र काढायला लावलं.

घर्षणाबद्दल थोडकंच सांगतो, कारण ते बदनाम झालेलं आहे. एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून खालच्याला पुढे ओढलं, तर वरच्याला पुढे कोण नेतं? घर्षण. घर्षण नेहमी उलट्या बाजूला असतं असं मनात घट्ट बसलेल्या पोरांना हे सहन होत नाही. वरचा ठोकळा पुढे जातोय आणि त्याला पुढे नेणारं घर्षणच? ती मागच्या पानावर जाऊन व्याख्या तपासतात. व्याख्येत सापेक्ष गती आहे. खालच्याच्या मानाने वरचा मागे राहू पाहतो, म्हणून घर्षण त्याला पुढे ओढतं. म्हणजे ज्याला आपण वर्षभर शिव्या दिल्या, त्याच्याच कृपेने वरचा ठोकळा पुढे जातो.

पण खरी मजा आहे स्प्रिंगमध्ये. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकचा: जेवढी ताणाल तेवढी ओढेल. हा नियम त्याने १६७६ साली छापला, पण कसा? लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरं सुटी करून, वर्णक्रमाने लावून. वाचणाऱ्याने त्यावरून काय ते ओळखावं. दुसऱ्या कुणी तोच शोध लावला तर ‘हा तर माझा’ म्हणता यावं आणि तोवर तो कुणाला कळूही नये, असा दुहेरी बेत. दोन वर्षांनी, १६७८ साली त्याने कोडं फोडलं आणि वर हेही सांगितलं, की हे मला अठरा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. उत्तरपत्रिकेत अक्षरं विस्कटून लिहिणारी आणि ‘सर, मला येत होतं’ म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांना हूकइतके गुण देण्याची परवानगी बोर्ड देत नाही.

स्प्रिंगच्या बाबतीत सगळे ठोकताळे उलटे पडतात. दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडल्या तर त्या जास्त मऊ होतात आणि शेजारी शेजारी लावल्या तर जास्त ताठ. म्हणजे विजेच्या रोधांचं जे पाठ केलं असेल त्याच्या नेमकं विरुद्ध. आणि एक स्प्रिंग मधोमध कापली तर प्रत्येक तुकडा पहिलीच्या दुप्पट ताठ. ज्यांच्या घरात वाटण्या झाल्या आहेत त्यांना ह्याची सिद्धता लागत नाही.

आता वर्गातलं सगळ्यात आवडतं गणित. छताला दोरीने एक ठोकळा टांगला आहे. त्याच्या खाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या खाली तसाच दुसरा ठोकळा. सगळं शांत. आपण वरची दोरी कापतो. कापल्याच्या त्याच क्षणी दोन्ही ठोकळ्यांची त्वरणं किती? वर्गाचं उत्तर ठरलेलं: दोन्हींचं जी. पडतायत ना? पडायला लागले की सगळे जी.

नाही. दोरी कापली की तिच्यातला ताण तिथल्या तिथे संपतो, कारण ती वस्तुमानरहित आणि न ताणणारी आहे. तिला मागेपुढे बघायला काही नाही. स्प्रिंगचं तसं नसतं. तिचा जोर तिच्या लांबीवर ठरतो आणि लांबी बदलायला वेळ लागतो. तेव्हा त्या क्षणी स्प्रिंग पूर्वीइतकीच ताणलेली असते. खालच्या ठोकळ्याला ती पूर्वीइतकीच वर धरून ठेवते, म्हणून त्याचं त्वरण शून्य. दोरी कापली गेली ही बातमीच अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. वरच्याला मात्र पृथ्वीही खाली ओढते आणि स्प्रिंगही खाली ओढते, म्हणून त्याचं त्वरण जीच्या दुप्पट. मीच वर्गाला आधी बजावलेलं असतं, की सोडून दिलेल्या ठोकळ्याचं उत्तर जीपेक्षा जास्त आलं तर गणित चुकलं समजा. आता फळ्यावर ‘टू जी’ आलेलं पाहून वर्ग माझ्याकडे पाहतो. त्या नजरेला मी आता सरावलो आहे.

ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी पायऱ्यांवरून टुणटुणत उतरणारी ती प्लास्टिकची लांब स्प्रिंग आणावी. वरचं टोक धरून ती लोंबू द्यावी, पूर्ण स्थिर झाल्यावर सोडून द्यावी आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावं. वरचं टोक खाली कोसळत येतं आणि खालचं टोक हवेत जसंच्या तसं थांबून राहतं. वरचे सगळे वेढे येऊन त्याच्या डोक्यावर पडेपर्यंत ते जागचं हलत नाही. मी हे गॅलरीतून केलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर पाहून, “भाऊ, काय पडलं?” असं विचारलं. अजून काही पडलेलं नाही, एवढंच मला प्रामाणिकपणे सांगता आलं.

आणि हे सगळं आम्हा सामान्यांनाच जड जातं असं नव्हे. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरोल हा ऑक्सफर्डचा गणिताचा मास्तर. त्याच्या डोक्यात एक माकड होतं. कप्पीवरून दोरी, एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं माकड. दोरी बिनवजनाची, कप्पी बिनघर्षणाची, आणि माकड दोरीवरून वर चढू लागतं. वजनाचं काय होतं? १८९३ च्या डिसेंबरात कॅरोलने डायरीत लिहून ठेवलं आहे, की ऑक्सफर्डच्या विद्वानांची मतं अगदी वेगवेगळी पडली. प्राइस म्हणत होते, वजन वाढत्या वेगाने वर जाईल. क्लिफ्टन आणि हार्कोर्ट म्हणत होते, माकडाच्याच वेगाने वर जाईल. सॅम्पसन म्हणत होते, खाली येईल. न्यूटनचं पुस्तक निघून दोनशे वर्षं उलटून गेली होती.

मी हे गणित घालतो तेव्हा वर्गातही प्राइस, क्लिफ्टन आणि सॅम्पसन हे तिन्ही पक्ष तयार होतात, आणि चौथा पक्ष विचारतो की वर केळी आहेत का. केळ्यांचा संबंध नाही. दोरीत ताण एकच, दोन्ही बाजूंना वस्तुमान तेच, म्हणून दोघांचं त्वरण सारखं. माकड जेवढं वर जातं तेवढंच वजनही वर जातं. घाई केली, रमतगमत चढलं, मधेच दोरी सोडून पुन्हा पकडली, तरी वजन त्याच्या डोळ्यांसमोरच राहतं. क्लिफ्टन आणि हार्कोर्ट बरोबर होते. वर्गातल्या सॅम्पसन पक्षाला मात्र हे अजून मान्य नाही. त्यांच्या मते, खऱ्या माकडाला विचारल्याशिवाय निकाल देणं घाईचं होईल.

हा वाद कसाबसा मिटवून मी परवा पुन्हा अ‍ॅटवुडच्या यंत्राकडे वळलो होतो. तीन किलो, पाच किलो, अडीच त्वरण, साडेसदतीस न्यूटन, सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. एक मुलगा हात वर करून उभा राहिला.

“सर, पुढे काय होतं?”

“पुढे म्हणजे?”

“तो तीन किलोवाला वर चाललाय ना? पण वर कप्पी आहे.”

खरं सांगायचं तर हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नसतो. त्वरण निघालं की ठोकळ्यांना तिथेच अधांतरी सोडून आपण पुढच्या गणिताला जातो. मी वर्गाला सांगितलं, कप्पी एक मीटर वर आहे असं धरा आणि करा हिशेब. पोरं कामाला लागली. ०.९ सेकंद. वेग सेकंदाला सव्वादोन मीटर. एवढ्या वेगाने तीन किलोचा ठोकळा बिनवजनाच्या कप्पीवर आदळतो.

“आणि आदळल्यावर?”

“तो आघाताचा प्रश्न झाला. ते प्रकरण वेगळं.”

“त्याला किती मार्क असतात?”

“बोर्डाला दोन-तीन असतील.”

मुलाने वही मिटली. “मग आदळू द्या, सर.”